हार्वेस्टचा प्रसाद

"मॅडम, प्रसाद?"

शाळेच्या गेटवर मिसेस जोगळेकरांनी मला अडवून विचारलं. मला आधी काही कळेचना. दुपारची सुटायची वेळ होती. ऑक्टोबर असला तरी दुबईचं ऊन अजून हटलं नव्हतं. एरवी मूल हाताला लागलं की "यल्ला, चल लवकर" म्हणत गाडीत शिरणाऱ्या आया आज गेटपाशी घोळका करून उभ्या होत्या. कुणी जागचं हलायला तयार नव्हतं.

"कसला प्रसाद?" मी म्हटलं.

"अहो, देवापुढे ठेवलंत ना सगळं? मी खडीसाखर दिली होती, मुद्दाम मीना बाजारातून आणून. तन्मय म्हणतो, फादरनी प्रेयर केली आणि मग कुणाला काहीच दिलं नाही."

"They just kept it, Mamma," तन्मयनं तक्रारीला दुजोरा दिला. तो दुसरीत होता आणि शाळेवर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

माझ्यामागे आमच्या हेड, मिसेस पेलम, येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी इंग्लंडहून आलेले पाहुणे, रेव्हरंड ॲशबी. "काय हवंय यांना?" मिसेस पेलमनी मला विचारलं. मी घाईत उत्तर दिलं, "त्यांनी जे दिलं, त्यातलं थोडं त्यांना परत हवंय."

मिसेस पेलमचा चेहरा उतरला. "परत? गरिबांना दिलेलं?"

आता हे प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागेल.

आमची शाळा चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेली होती. म्हणजे शाळा दुबईत, अभ्यासक्रम ब्रिटिश, आणि वर देखरेख चर्चच्या शिक्षण खात्याची. मुलं मात्र बहुतेक आपली. मराठी, गुजराती, मल्याळी, सिंधी. कोकणातली मुस्लिम कुटुंबं, थोडे अरब, मूठभर इंग्रज. इंग्लंडहून दर महिन्याला हेडसाठी एक सर्क्युलर यायचं. चर्चच्या शाळांच्या प्रमुखांसाठी बातम्या आणि मार्गदर्शन. कलेक्टिव्ह वर्शिप कशी घ्यावी, म्हणजे सगळ्या शाळेनं एकत्र बसून प्रार्थना कशी करावी. शिक्षकांची निवड कशी करावी. अमुक सण कसा साजरा करावा. ते सगळं इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या शाळेला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असायचं. त्यात 'गावातल्या ज्येष्ठांना आमंत्रण द्या' असं असायचं. आमच्या गावात ज्येष्ठ नव्हतेच. साठी झाली की व्हिसा संपायचा आणि माणूस मायदेशी जायचा.

मी त्या वेळी ॲक्टिंग डेप्युटी हेड होते. ॲक्टिंग म्हणजे काम पूर्ण, खुर्ची उसनी. आधीच्या डेप्युटी अचानक इंग्लंडला परत गेल्या आणि नवीन कुणी मिळेपर्यंत मला बसवलं. ते 'मिळेपर्यंत' वर्ष उलटून गेलं तरी चाललं होतं. पोस्ट कन्फर्म झाली तर शाळेच्या आवारातला फॅमिली फ्लॅट मिळणार होता. तो मला हवा होता, आणि कारण सांगायला मला तेव्हाही लाज वाटत नव्हती, आजही वाटत नाही. मी आणि माझे मिस्टर बर दुबई भागात आणखी एका कुटुंबाबरोबर शेअरिंगमध्ये एका खोलीत राहत होतो. आमची ऋचा नाशिकला माझ्या भावाकडे शिकत होती, कारण त्या खोलीत तिसरी कॉट मावत नव्हती. दर शुक्रवारी फोनवर ती विचारायची, "आई, झालं का तुझं कन्फर्म?" भाऊ-वहिनी तिला जिवापाड सांभाळत.

अडचण अशी की सर्क्युलरमध्ये एक वाक्य होतं. चर्चच्या शाळेत वरच्या जागी बसणाऱ्या व्यक्तीनं शाळेचं ख्रिस्ती स्वरूप समजून घेऊन ते जपलं पाहिजे. मी हिंदू. मिसेस पेलमनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, पण शेवटचं मत रेव्हरंड ॲशबींचं. ते सल्लागार म्हणून शाळा बघायला येणार होते, आणि येणार होते नेमके हार्वेस्ट फेस्टिवलच्या आठवड्यात.

हार्वेस्ट फेस्टिवल म्हणजे इंग्लंडमधला सुगीचा सण. पीक घरात आलं की लोक त्यातलं थोडं चर्चमध्ये आणून ठेवतात, देवाचे आभार मानतात, आणि मग ते सगळं गरजूंना वाटतात. आमच्याकडे पीक कसलं, तर टिनचे डबे आणि बासमतीची पाकिटं. सर्क्युलरमधल्या सूचना सोप्या होत्या. मुलांनी अन्न आणावं, टेबलावर मांडावं, प्रार्थना व्हावी, नंतर वाटप. आमचं वाटप चर्चची व्हॅन लेबर कॅम्पमध्ये, म्हणजे मजुरांच्या वस्तीत जाऊन करणार होती.

"तू सांभाळ हे," मिसेस पेलम मला म्हणाल्या होत्या. "आणि प्लीज, रेव्हरंडपुढे शक्यतो कमी बोल."

पालकांना मी नोटीस पाठवली. पहिल्या दिवशी आले रव्याचे लाडू, सोललेले नारळ आणि एक अख्खी पुरणपोळ्यांची चळत. मी दुसरी नोटीस पाठवली की फक्त सीलबंद वस्तू. मग पाकिटं यायला लागली. ती इतकी यायला लागली की मिसेस पेलम चकित झाल्या. त्यांच्या आधीच्या शाळेत म्हणे घरटी एक बीन्सचा डबा यायचा. इथे एकेक आई पिशवी भरून आणत होती, आणि वर विचारत होती, "फुलं चालतील का, मॅडम?"

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष रेव्हरंडकडे होतं.

परकारभाई स्वतः येऊन गेले. मूळचे दापोलीकडचे, जवळच्याच उम्म अल कुवैन अमिरातीच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. त्यांची सना चौथीत. आमच्याकडे मुस्लिम मुलं प्रार्थनेला बसत नसत, त्या वेळी त्यांचा इस्लामियातचा, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाचा तास असे. देशाचा नियमच तसा होता, आणि तो पाळण्यावर शाळेचं लायसन्स अवलंबून होतं.

"मॅडम, हे लेबर कॅम्पला जाणार ना? नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग खजुराचे खोके पाठवतो. पण तुमच्या त्या टेबलावर नको. दाराशी ठेवा, व्हॅन आली की थेट चढवा."

मी हो म्हटलं आणि खोके हॉलच्या दाराशी, भिंतीला लागून ठेवले. का, हे मी विचारलं नाही. टेबलावर जागाही नव्हती.

कार्यक्रम चांगला झाला. मुलं गायली. रेव्हरंड ॲशबी उंच, किडकिडीत, बोलताना डोकं एका बाजूला कलवणारे. त्यांनी टेबलापुढे प्रार्थना म्हटली. आमची निम्मी मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी होती. काहींनी हॉलच्या दारात बूटही काढले होते. ते कुणी सांगितलं नव्हतं. रेव्हरंडनी त्या बुटांच्या रांगेकडे बराच वेळ पाहिलं, मग पुढे गेले. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

आणि मग गेटवर हा प्रसाद उभा राहिला.

मी मिसेस पेलमना समजावू लागले. "त्यांना वस्तू परत नकोयत. चिमूटभर हवंय. आमच्यात देवापुढे ठेवलं की त्यातलं थोडं देणाऱ्याच्या हातात परत येतं. नाही आलं, तर मनाला लागून राहतं, की आपलं काही चुकलं का, देवानं ते घेतलं की नाही."

"म्हणजे पोचपावती," रेव्हरंड म्हणाले. त्यांचं डोकं आणखी कललं. "आणि किती परत यावं लागतं?"

"दाणाभर चालतो."

"कुणीही खाल्लं तर चालतं?"

"उलट जितक्यांना मिळेल तितकं चांगलं."

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. मिसेस पेलमचा चेहरा एकदम उजळला. बाई मनानं फार मोकळी होती, आणि पालक दुखावले जाणं तिला सहन होत नसे. "अगं, मग किती छान! देऊया ना!" असं म्हणत त्या वळल्या, तरातरा हॉलकडे गेल्या आणि दाराशी जे पहिलं दिसलं ते उचलून घेऊन आल्या. खजुराचा खोका. उघडला आणि वाटायलाच लागल्या. प्रसाद हा शब्द त्यांनी नुकताच ऐकला होता, तो त्यांना फारच आवडलेला दिसला.

"प्रसाद! प्रसाद, एव्हरीवन!"

मुलं धावली. खजूर कुणाला नको असतो? नेमका त्याच वेळी इस्लामियातचा वर्ग सुटला आणि ती मुलंही रांगेत घुसली. मी पाहिलं, सना परकारचा हात पुढे आला होता. तिच्यामागे दोन अरब मुलं. आणि रस्त्यापलीकडे गाडी लावून परकारभाई गेटकडे चालत येत होते. त्यांची पावलं मध्येच थांबली.

एका झटक्यात सगळं लक्षात आलं. एक तर तो खजूर टेबलावर नव्हताच, त्याच्यापुढे प्रार्थना झालेली नव्हती. म्हणजे जोगळेकरबाईंच्या हिशेबानं तो प्रसादच नव्हे. पण आता हेडनं तोंडानं त्याला प्रसाद म्हटलं होतं, ख्रिस्ती प्रार्थनेनंतर, आणि तो मुस्लिम मुलांच्या हातात पडत होता. एखाद्या पालकानं मिनिस्ट्रीत फोन केला असता तर समजावून सांगायला आम्हाला कुणी वेळ दिला नसता. लायसन्स गेलं असतं तर शाळाच गेली असती. आणि हे थांबवायचं, तर भर गेटवर, सगळ्या पालकांपुढे, रेव्हरंडपुढे, स्वतःच्या बॉसला थांबवायचं. जिच्या शब्दावर माझी पोस्ट, फ्लॅट आणि ऋचाचं येणं टांगलेलं होतं.

मी हाक मारली, "मिसेस पेलम!" त्यांना ऐकू आलं नाही. त्या जोरात होत्या. मग मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं. खोका कलंडला, खजूर जमिनीवर गेले.

"हे देऊ नका," मी म्हटलं. "हे ज्यांनी दिलंय, त्यांना विचारल्याशिवाय नाही."

"पण तूच तर म्हणालीस!" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. मला फार वाईट वाटलं, कारण बाई खोटं बोलत नव्हती. मीच म्हटलं होतं.

परकारभाई तोवर पोचले. सनाच्या हातातला खजूर त्यांनी हळूच काढून घेतला. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ते माझ्याशी मराठीत, अगदी खालच्या सुरात बोलले.

"मॅडम, हे मी सदका म्हणून दिलेलं. दान. हे पुन्हा माझ्याच पोरीच्या तोंडात कसं घालू? दिलेल्याकडे आम्ही वळूनसुद्धा बघत नाही. आणि त्यात ह्या बाई त्याला प्रसाद म्हणतायत."

"चूक झाली, परकारभाई. आत्ताच्या आत्ता थांबवते."

"चूक राहू दे. आधी पोरांचं बघा."

त्यांनी स्वतःच हाक दिली, "चलो बच्चो, यल्ला, बस में!" इस्लामियातच्या वर्गाला रांगेत उभं करून ते बसकडे घेऊन गेले. त्या मुलांनी निमूट ऐकलं. आमचं कुणी इतकं निमूट ऐकत नसे.

राहिल्या गेटवरच्या आया. मी मिसेस जोगळेकरांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. तुम्ही आणलेली खडीसाखर तुम्हीच ओळखा आणि तुम्हीच फोडा."

"फोडू? चालेल?"

"तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी हॉलमध्ये जाऊन टेबलावरून आपलं पाकीट शोधून काढलं, फोडलं, आणि गेटवर येऊन ज्या बायका थांबल्या होत्या त्यांना दोन-दोन खडे दिले. बायकांनी उजवा हात पुढे करून घेतले, पदराला किंवा ओढणीला हात पुसला, आणि गेल्या. एवढंच हवं होतं त्यांना. उरलेलं सगळं टेबलावर तसंच्या तसं राहिलं. तन्मयनं खडीसाखर तोंडात टाकली, कडकड चावली आणि आईला म्हणाला, "Okay, now we can go."

मिसेस पेलम ऑफिसात निघून गेल्या होत्या.

व्हॅन आली तेव्हा परकारभाई परत आले. बाकीचे खोके त्यांनी माझ्याबरोबर स्वतः चढवले. सांडलेले खजूर मी वेचून बाजूला ठेवले होते. ते म्हणाले, "हे झाडाखाली टाका, पाखरं खातील." मला इतका वेळ एकच प्रश्न छळत होता, तो मी शेवटी विचारला. त्यांच्या गावापासून आमचं चिपळूण काही फार लांब नाही. दोन्हीकडचे लोक भात तोच खातात, मासळी तीच. आणि या एका गोष्टीत एवढं उलटं?

"परकारभाई, आमच्याकडे परत आलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं. तुमच्याकडे परत आलं तर चुकल्यासारखं वाटतं. मग तुमचं पोचलं की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?"

त्यांनी व्हॅनचं दार लावलं. हात झटकले.

"नाही कळत," ते म्हणाले. "ते आपलं डिपार्टमेंट नाही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड ॲशबींनी मला बोलावलं. मी रात्रभर उत्तरं घोकली होती. शाळेचं ख्रिस्ती स्वरूप, मूल्यं, परंपरा, सगळं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. कालचं सगळं मला पहिल्यापासून सांगायला लावलं. मध्ये मध्ये थांबवून विचारत राहिले. दाणाभर म्हणजे नक्की किती? उजव्या हातातच का? परकारांच्या मुलीला वडिलांनी घरी दुसरा खजूर आणून दिला असता, तर तिनं तो खाल्ला असता का? त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ते त्या सर्क्युलरमधलं मार्गदर्शन लिहीत होते, आणि त्यांनी धरून चाललं होतं की देणं म्हणजे देणं, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

"तुमचा स्वतःचा विश्वास आहे यावर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"प्रसाद हातात आला की मी खाते," मी म्हटलं. "विश्वासाचा विचार नंतर करते. कधी कधी करायचा राहून जातो."

ते हसले. मग जरा गंभीर झाले. "चर्चच्या शाळेत डेप्युटी व्हायला एका हिंदू बाईनं काय करायला हवं, असं तुम्हाला वाटतं?"

मला रात्रीची झोप नव्हती आणि कालचा राग अजून उतरला नव्हता. राग कुणावर, हेही कळत नव्हतं. मी म्हटलं, "ते तुमच्या सर्क्युलरमध्ये लिहिलेलं आहे का?"

"नाही."

"मग मला कसं ठाऊक असणार?"

बोलून गेले आणि वाटलं, संपलं. खलास. ते उठले, हस्तांदोलन केलं आणि एअरपोर्टला गेले. त्या शुक्रवारी ऋचाला फोनवर मी म्हटलं, "अजून नाही गं, बघू." ती म्हणाली, "बरं." त्या 'बरं'नं मला दोन दिवस काही सुचू दिलं नाही.

इंग्लंडहून उत्तर यायला नाताळची सुट्टी उजाडली. मधल्या काळात मिसेस पेलम माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर एक किल्ली सरकवली. फ्लॅटची.

मी नुसती किल्लीकडे बघत राहिले. डोळे भरून आले, आणि ते मी लपवले नाहीत.

"मला एक सांगू?" मिसेस पेलम म्हणाल्या. "जाण्याआधी रेव्हरंडनी मला तुझ्याबद्दल एकच प्रश्न विचारला. ही बाई तुमचं ऐकेल का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी फार चिडले होते. मी म्हटलं, अजिबात नाही."

"आणि?"

"ते म्हणाले, मग हिलाच ठेवा."

ऋचा जानेवारीत आली. डेप्युटीचं काम नेमकं काय असतं, हे मला त्या सव्वा वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे माझ्या हाताखाली जे नवे लोक आले, त्यांना मी ते पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. बॉस चांगल्या मनानं चूक करायला निघाला की त्याला अडवायचं, आणि अडवल्यावर पोस्ट मिळेल अशी अपेक्षा ठेवायची नाही.